समेटाचे वाङ्मय : कॅनडातील निवासी शाळा आणि मुलांची पुस्तके

मराठी वाङ्मयात शाळा बहुधा वंदनीय वास्तू म्हणूनच येते. पंतोजींची थट्टा असेल, छडीचे वळ असतील, पाठांतराचा कंटाळाही असेल. परंतु शाळा ही ज्ञानाची जागा आहे आणि तेथे गेलेले मूल काही तरी मिळवूनच घरी परतते, हे गृहीत सहसा ढळत नाही. दलित आत्मकथनांनी या गृहीताला पहिला मोठा धक्का दिला. वर्गाबाहेर बसून आतला धडा ऐकणारे मूल त्यांनी आपल्यापुढे आणले. तथापि त्या लेखनातील तक्रार शाळेचे दार बंद असल्याची होती. दार उघडले तर आत प्रकाश आहे, ही श्रद्धा त्या लेखकांनीही सोडली नाही. उलट ती त्यांनी इतरांपेक्षा अधिक उत्कटतेने बाळगली.

कॅनडात गेल्या काही दशकांत निर्माण झालेल्या एका वाङ्मयाची तक्रार याच्या नेमकी उलट आहे. तेथील मूलनिवासी लेखक सांगतात ते दार बंद असल्याचे दुःख नव्हे, त्या दारातून बळाने ओढून नेल्याचे दुःख होय. आणि या वाङ्मयाचा विशेष असा की, ते आज वाचले जाते ते मुख्यतः शाळांतच. जिच्यावर आरोप आहे तीच संस्था आरोपपत्राचे वाचन करते, तेही त्याच वयाच्या मुलांपुढे. अशा वाङ्मयाचे मूल्यमापन कोणत्या कसोटीवर करावे, हा प्रश्न केवळ कॅनडाचा नाही. अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्या आणि वाङ्मयावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम वस्तुस्थिती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कॅनडाच्या केंद्र सरकारने १८८३ पासून मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळांचे धोरण स्वीकारले. पैसा सरकारचा आणि व्यवस्था ख्रिस्ती धर्मसंस्थांची, अशी ती योजना होती. १९२० साली कायद्यात दुरुस्ती होऊन सात ते पंधरा वर्षांच्या मुलांची उपस्थिती सक्तीची करण्यात आली. पुढे झालेल्या न्यायालयीन तडजोडीत अशा १३९ शाळांची नोंद झाली. त्यांतून सुमारे दीड लाख मुले गेली. अखेरच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद झाल्या. मुलांचे केस कापणे, घरची वस्त्रे काढून घेणे, नावाऐवजी क्रमांक देणे, भावाबहिणींना एकमेकांपासून दूर ठेवणे आणि मातृभाषेचा शब्द उच्चारल्यास शिक्षा करणे, ही तेथील दिनचर्या होती. कित्येक मुलांवर याहून घोर अत्याचार झाले. शाळेत असताना मृत्यू पावलेल्या मुलांची जी नावे आजवर नोंदली गेली, त्यांची संख्या ४,१०० हून अधिक आहे. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत क्षमायाचना केली. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालील ‘सत्य व समेट आयोगा’ने सहा हजारांहून अधिक साक्षी ऐकून २०१५ मध्ये अहवाल दिला आणि या व्यवस्थेला सांस्कृतिक वंशसंहार असे नाव दिले. आयोगाने केलेल्या ९४ आवाहनांपैकी काही थेट शिक्षणाला उद्देशून आहेत. निवासी शाळांचा इतिहास प्रत्येक इयत्तेच्या मुलांना त्यांच्या वयाला अनुसरून शिकवला जावा, हे त्यांतील एक होय.

‘वयाला अनुसरून’ हे दोन शब्द अहवालात सहज लिहिता येतात. परंतु ते प्रत्यक्षात आणण्याचे काम येऊन पडते ते लेखकावर आणि शिक्षकावर. सहा वर्षांच्या मुलाला काय सांगावे, किती सांगावे, आणि न सांगितलेल्या भागाची सावली पुस्तकात कशी राहू द्यावी, हा शुद्ध वाङ्मयीन प्रश्न आहे.

या वाङ्मयातील सर्वांत प्रसिद्ध कथा एका सदऱ्याची आहे. फिलिस वेबस्टॅड या सेक्वेपेम्क समाजातील लेखिका. १९७३ साली, वयाच्या सहाव्या वर्षी, त्या विल्यम्स लेकजवळील सेंट जोसेफ मिशन या शाळेत गेल्या. जाण्यापूर्वी आजीने त्यांना दुकानात नेऊन त्यांच्या आवडीचा एक चकचकीत नारिंगी सदरा घेऊन दिला. शाळेच्या पहिल्याच दिवशी तो अंगावरून उतरवून घेण्यात आला आणि पुन्हा कधीही परत मिळाला नाही. २०१३ मध्ये त्यांनी ही आठवण जाहीरपणे सांगितली आणि त्या वर्षापासून ३० सप्टेंबर हा दिवस नारिंगी सदऱ्याचा दिवस म्हणून शाळांतून पाळला जाऊ लागला. सप्टेंबर हा मुलांना घरून नेण्याचा महिना. म्हणून हा काळ. २०१८ मध्ये वेबस्टॅड यांनी ही हकीकत चित्रपुस्तकाच्या रूपाने लिहिली. २०२१ पासून तोच दिवस ‘सत्य व समेट यांचा राष्ट्रीय दिन’ म्हणून कायद्याने मान्य झाला आहे.

वाङ्मयीन दृष्टीने या कथेचे बळ तिच्या लहानपणात आहे. दीड लाख मुलांचा आकडा मनाला बधिर करतो. एक सदरा मनाला जाग आणतो. नवे कपडे घालून शाळेत जाण्याचा आनंद जगातील प्रत्येक मुलाला ठाऊक असतो, आणि म्हणूनच त्या आनंदाचा अपहार त्याला तत्काळ कळतो. येथे ‘वयाला अनुसरून’ सांगणे म्हणजे सत्य पातळ करणे नव्हे. सत्याचा एवढासा कण घ्यावयाचा, पण तो अस्सल घ्यावयाचा, असे ते आहे. आजीने दिलेली वस्तू गेली म्हणजे आजी गेली, आजीबरोबर भाषा गेली आणि भाषेबरोबर घर गेले. हा सारा अर्थ त्या वस्त्रात सामावलेला आहे. त्याच शाळेत शिकलेल्या बेव्ह सेलर्स यांच्या २०१३ मधील आत्मकथनाचे शीर्षक त्यांना शाळेत मिळालेल्या क्रमांकावरून आले आहे. सदरा आणि क्रमांक या दोन खुणा एकत्र ठेवल्या की, मोठमोठ्या ग्रंथांना जे सांगावयाचे असते ते पुष्कळसे सांगून होते.

परंतु प्रतीकाचे एक वैगुण्य असते. ते जितके सुटसुटीत, तितके वापरण्यास सोपे. एके दिवशी शेकडो मुले नारिंगी सदरे घालून प्रार्थनासभेत उभी राहतात. शाळा ज्या भूमीवर उभी आहे तिच्या मूळ समाजाचा नामोच्चार होतो. दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते. आणि दुसऱ्या दिवशी सदरे कपाटात जातात. सदरा काढून घेतला गेला, ही मूळ कथा. तो सर्वांनी अंगात घातला, हा आजचा विधी. या दोहोंमधील अंतर जर वाचनाने, चर्चेने आणि अभ्यासाने भरून निघाले नाही, तर स्मरणाचे रूपांतर गणवेशात होते. आम्ही विधीला कमी लेखत नाही. समाजाला विधी लागतातच. परंतु विधीने जे दार उघडते त्यातून आत नेण्याचे काम पुस्तकाचे आहे. ती पुस्तके कशी आहेत, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

ती पाहण्यापूर्वी एका जुन्या कवीचे उदाहरण घ्यावे लागेल. कारण त्यावाचून आमची कसोटी स्पष्ट होणार नाही. डंकन कॅम्बेल स्कॉट (१८६२–१९४७) हे कॅनडाच्या इंग्रजी काव्यातील एक मान्यवर नाव. त्यांची १८९८ मधील ‘द ओनॉनडागा मडोना’ ही सुनीतरचना एका मूलनिवासी मातेचे चित्र रेखाटते. तिच्या वंशाचा अस्त जवळ आला आहे, असा त्या कवितेचा सूर आहे. ‘द फॉर्सेकन’ या कवितेत उपाशी बालकाला वाचवण्यासाठी स्वतःच्या मांसाचा तुकडा गळाला लावून मासा धरणारी आणि पुढे म्हातारपणी बर्फात एकटी टाकून दिली जाणारी स्त्री आहे. या कविता निर्जीव नाहीत. त्यांत निरीक्षण आहे, संयम आहे आणि निःसंशय करुणाही आहे.

हेच स्कॉट १९१३ ते १९३२ या काळात मूलनिवासींच्या कारभाराचे सर्वोच्च सनदी अधिकारी होते. १९२० सालची सक्ती त्यांच्याच कारकीर्दीतली. हा प्रश्नच नाहीसा करावयाचा आहे, मूलनिवासी असा वेगळा समाज उरेनासा होईपर्यंत हे काम चालवावयाचे आहे, अशा आशयाची साक्ष त्यांनी त्याच वर्षी संसदीय समितीपुढे दिली. शाळांतील क्षयरोग आणि मृत्यू यांविषयी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ मध्येच अहवाल दिला होता. त्यांच्या सूचना अमलात आल्या नाहीत. अखेर नोकरीतून बाहेर पडल्यावर, १९२२ साली, त्यांनी एका पुस्तिकेद्वारे हा प्रकार म्हणजे राष्ट्रीय गुन्हा असल्याचे जाहीर केले. ब्राइस कवी नव्हते. त्यांच्या अहवालात मृत्यूंचे प्रमाण आहे, हवा खेळती नसलेल्या खोल्या आहेत. तरीही आज वाचताना खरी करुणा कोठे आढळते, असा प्रश्न केला तर उत्तर कठीण नाही.

आपल्या परंपरेत काव्याचा उगम क्रौंचवधाच्या प्रसंगी झाला असे मानतात. वाल्मीकींचा शोक श्लोक झाला; परंतु तो शोक बाण मारणाऱ्याचा नव्हता, पाहणाऱ्याचा होता, आणि त्यातून पहिला उद्गार निघाला तो निषेधाचा. स्कॉट यांच्या काव्यात बाण आणि श्लोक एकाच हातून सुटतात. म्हणून तेथे निषेधाला जागाच उरत नाही; उरते ती फक्त अस्ताची शोभा. नाहीसे होणे हे जणू निसर्गाचे कार्य, मावळत्या सूर्यासारखे, असे एकदा मानले की कारभाऱ्याची जबाबदारी संपते आणि कवीचे काम सुरू होते. (आपल्या कथेतील शापित व्याध हा निषाद म्हणजे स्वतःच एक वनवासी होता, आणि त्याच्या भुकेविषयी आदिकाव्याने काही विचारले नाही, हेही या संदर्भात विसरता येत नाही.) यावरून आमची पहिली कसोटी निघते. केवळ करुण रस हे अशा वाङ्मयाचे प्रमाण होऊ शकत नाही. अश्रू आणणारे पुस्तक चांगलेच असते, असा समज आपल्याही शिक्षकवर्गात दृढ आहे. अश्रू येणे वाईट नाही. परंतु ते कशासाठी आले, आणि पुसल्यावर काय दिसले, हे विचारलेच पाहिजे.

या कसोटीला निकोला कॅम्बेल यांचे ‘शी-शी-एट्को’ (२००५) हे चित्रपुस्तक उत्तम रीतीने उतरते. शाळेत जाण्यास चारच दिवस उरले आहेत, अशी या कथेची सुरुवात आहे. त्या चार दिवसांत आई, वडील आणि आजी त्या मुलीला नदीवर, पाण्यावर, रानात घेऊन जातात आणि पाहिलेले सारे लक्षात ठेव असे सांगतात. आजी तिला एक लहानशी पिशवी देते. मुलगी तीत आठवणींची पाने-फुले गोळा करते आणि निघण्यापूर्वी ती पिशवी एका मोठ्या वृक्षाच्या स्वाधीन करते. शाळा या पुस्तकात जवळजवळ येतच नाही. लेखिकेचे सारे कौशल्य या वगळण्यात आहे. अत्याचाराचे वर्णन न करता तिने जे हिरावले जाणार आहे त्याचे वर्णन केले. वाचणाऱ्या मुलाला प्रथम भेटते ते एक भरलेले घर. त्याची भाषा, त्याची नाती, त्याची झाडे. आणि म्हणून पुस्तक मिटल्यावर शिक्षकाला अपरिहार्यपणे प्रश्न येतो : पुढे काय झाले? उत्तर देण्याची जबाबदारी लेखिकेने शिक्षकावर टाकली आहे. बळी म्हणून एखाद्या समाजाची ओळख करून देणे आणि समाज म्हणून करून देणे यांतील फरक ज्यांना समजून घ्यावयाचा आहे, त्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे.

‘शिन-चीज कनू’ (२००८) हा त्याचा पुढील भाग. येथे ती मुलगी सहा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन शाळेत जाते. वाटेतच ती त्याला बजावते की, तेथे आपली खरी नावे वापरता येणार नाहीत. शाळेत भुकेचे दिवस येतात. बहीण दिसते, पण भेटत नाही. वडिलांनी कोरून दिलेली इवलीशी होडी हाच मुलाचा आधार. हे पुस्तक पहिल्यापेक्षा अधिक सांगते आणि म्हणून थोडे कमी साधते, असे आमचे मत आहे. तरीही नावाविषयीचा तो एक प्रसंग कोणत्याही हजेरीपटाकडे पुन्हा पाहावयास लावणारा आहे.

क्री लेखक डेव्हिड रॉबर्टसन यांचे ‘व्हेन वी वेअर अलोन’ (२०१६) रचनेच्या दृष्टीने याहून कसलेले आहे. ज्यूली फ्लेट यांची चित्रे लाभलेल्या या पुस्तकाला २०१७ मध्ये तेथील गव्हर्नर जनरल पारितोषिक मिळाले. नात आजीला विचारते : तू इतके रंगीत कपडे का घालतेस? केस एवढे लांब का ठेवतेस? क्रीमध्ये का बोलतेस? भावाबरोबर इतका वेळ का असतेस? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दोन पायऱ्यांनी येते. शाळेत आम्हांला सारख्या रंगाचे कपडे होते. पण एकटे असताना आम्ही पानांनी अंग झाकून घेत असू. केस कापले होते. पण एकटे असताना लांब गवत केसांत गुंफत असू. भाषेला बंदी होती. पण एकटे असताना कुजबुजत असू. आणि म्हणून आज मी अशी आहे. हे बालगीतासारखे आवर्तन मुलाच्या कानाला गोड लागते. परंतु त्याच्या प्रत्येक फेऱ्यात एक बंदी आणि तिचा एक भंग आहे. आजीचे रंगीत कपडे ही हौस नसून विजय आहे, हे नातीला कळते तेथे पुस्तक संपते. येथे करुण आणि वीर यांचा मेळ आहे, आणि तो आवाज न चढवता साधलेला आहे.

या पुस्तकांहून वेगळ्या कारणासाठी शिक्षकांनी ‘फॅटी लेग्ज’ (२०१०) वाचावे. मार्गारेट पोकिअक-फेंटन या इनुविआलुइट बाईंची ही आठवण त्यांनी व त्यांच्या सून ख्रिस्ती जॉर्डन-फेंटन यांनी मिळून लिहिली आहे. येथील आठ वर्षांची ओलेमॉन शाळेत जाण्याचा हट्ट धरते. तिला वाचावयाचे आहे. बहिणीने वाचून दाखवलेल्या ‘ॲलिस’च्या गोष्टीचे पुढे काय होते ते तिला स्वतः पाहावयाचे आहे. वडील स्वतः त्या शाळेत गेलेले. ते नको म्हणतात. तरी ती जाते. तेथे एक नन तिचा पाणउतारा करण्यासाठी सर्वांना राखाडी आणि हिला एकटीला तांबडे मोजे देते. मुली हसतात. शेवटी मुलगी ते मोजे आगीत टाकून मोकळी होते.

या कथेचे महत्त्व असे की, ती प्रश्न सोपा होऊ देत नाही. ज्ञानाची तहान खरी होती आणि शाळेने केलेला अपमानही खरा होता. मुलीला अक्षरे मिळाली; परंतु त्यांची जी किंमत तिच्याकडून घेण्यात आली ती अक्षरांची नव्हतीच. ‘शाळांनी निदान शिकवले तरी’ असा बचाव करणाऱ्यांना आणि ‘शाळा म्हणजे केवळ तुरुंग’ असे म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे पुस्तक थांबवते. वाचनाची इच्छा आणि वाचन शिकवणाऱ्याची सत्ता यांची फारकत ते दाखवते. अध्यापकाने स्वतःकडे पाहण्यास याहून चांगला आरसा क्वचितच मिळेल.

मोठ्या मुलांसाठी रिचर्ड वॅगामीस यांची ‘इंडियन हॉर्स’ (२०१२) ही कादंबरी आहे. ओजिब्वे नायक सॉल व्यसनमुक्तीच्या केंद्रात बसून आपली हकीकत लिहितो. शाळेतील भयाण जीवनात त्याला आइस हॉकीचा खेळ सापडतो आणि तो खेळ दाखवणारा एक तरुण पाद्री. त्या पाद्रीविषयी वाचकाला ममत्व वाटू लागते. एवढ्या अंधारात एक तरी सज्जन भेटला, असे समाधान होते. पुस्तकाच्या अखेरीकडे सॉलला जे आठवते त्याने हे समाधान उलथून पडते. त्या ममतेच्या आडच त्याच्यावर अत्याचार झाला होता, आणि ते त्याने स्वतःपासूनही लपवले होते. हा कथानकातील धक्कातंत्राचा प्रयोग नव्हे. साक्ष देणे किती कठीण असते, साक्षीदार स्वतःच सत्याच्या वाटेत किती काळ उभा असतो, हे रचनेतूनच सांगण्याचा तो मार्ग आहे. वाचकाला हवा असलेला ‘एक तरी सज्जन’ हासुद्धा वाचकाने स्वतःच्या सोयीसाठी घडवलेला असतो, हे या कादंबरीइतके नेमके अन्यत्र क्वचितच कोणी सांगितले असेल.

‘सीक्रेट पाथ’ (२०१६) या कृतीविषयी मात्र आमचे मत इतके निःशंक नाही. चॅनी वेंजॅक हा बारा वर्षांचा ओजिब्वे मुलगा ऑक्टोबर १९६६ मध्ये केनोराजवळच्या शाळेतून पळाला. सुमारे सहाशे किलोमीटर दूर असलेल्या घराकडे तो रेल्वेच्या रुळांवरून चालत निघाला आणि थंडीने वाटेतच मरण पावला. फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘मॅक्लीन्स’ या नियतकालिकाने ही घटना देशापुढे आणली. परंतु तेव्हा त्याचे नाव शाळेने दिलेले ‘चार्ली’ असेच छापले गेले. मृत्यूनंतरही मुलाला स्वतःचे नाव मिळण्यास वेळ लागला. पन्नास वर्षांनंतर गायक गॉर्ड डाउनी यांची दहा गीते आणि जेफ लेमीर यांची चित्रे मिळून ही कृती झाली. दोघेही मूलनिवासी नव्हेत. कृती प्रामाणिक आहे. डाउनी दुर्धर आजाराने ग्रासलेले असताना ती प्रसिद्ध झाली, आणि ती शाळाशाळांतून पोहोचली. पण तीत मुलगा एकटा आहे. रूळ, बर्फ, अंधार आणि एक लहान आकृती. हे चित्र इतके सुंदर आहे की, त्या सौंदर्यात स्कॉट यांच्या अस्ताच्या शोभेची आठवण व्हावी. चॅनीला बहिणी होत्या. त्याच्यासाठी चौकशी मागणारे, त्याची आठवण जागती ठेवणारे कुटुंब होते. ते या चित्राच्या कडेला राहते. शिक्षकाने ही कृती घ्यावी, परंतु एकटी घेऊ नये. ‘शी-शी-एट्को’तील भरलेले घर तिच्या शेजारी ठेवावे, असे आम्ही सुचवू.

आता ‘समेट’ या शब्दाकडे वळू. या इंग्रजी संज्ञेला मराठीत प्रतिशब्द शोधू लागलो की, अडचण केवळ भाषांतराची नाही हे कळते. समेट होतो तो भांडणाऱ्या दोन पक्षांत. दोघांचे थोडे थोडे चुकलेले असते. दिलजमाई होते ती रुसलेल्या आप्तांत. सलोखा म्हणावा तर तो मुळात कधी तरी नांदत होता असे धरून चालावे लागते. प्रायश्चित्त हा शब्द अपराध मान्य करतो, पण तो एकाच बाजूचा. त्यात ज्याचे नुकसान झाले त्याला स्थान नाही. आयोगाने आपल्या नावात ‘सत्य’ हा शब्द आधी ठेवला, तो या अडचणीवरचा उपाय होय. सत्याच्या आधी आलेला समेट म्हणजे केवळ घाई. वर पाहिलेल्या पुस्तकांपैकी जी श्रेष्ठ आहेत त्यांत, ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, समेट कोठेही होत नाही. आजी नातीला शाळेला क्षमा करावयास सांगत नाही. ओलेमॉन ननशी हस्तांदोलन करीत नाही. समेट हा पुस्तकातील प्रसंग नाही. तो पुस्तक वाचून झाल्यावर वर्गात घडला तर घडावयाचा. जे पुस्तक तो स्वतःच उरकून टाकते ते वाचकाचे काम हिरावून घेते. ही आमची दुसरी कसोटी.

तिसरी कसोटी बोलणाऱ्याच्या जागेची आहे, आणि तिच्यासाठी कॅनडापर्यंत जाण्याचे कारण नाही. भिल्ल समाजातील कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ मध्ये आला. त्यांची ‘स्टेज’ ही कविता आपल्यापैकी पुष्कळांना परिचित असेल. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून आदिवासींनाच सांगितले जाते आणि ज्यांचे ते दुःख आहे ते खाली बसून ऐकत राहतात, हा त्या कवितेचा विषय. समेटदिनाच्या प्रत्येक समारंभाला लावून पाहावी अशी ही कविता आहे. व्यासपीठावर कोण आहे? खाली कोण आहे? आणि दुःख कोणाच्या भाषेत सांगितले जात आहे?

हा प्रश्न आपल्या घरात आणणे अप्रिय असले तरी आवश्यक आहे. महाराष्ट्राबाहेर, किंवा त्याच्या सीमेवर, मराठी जपणारे आपण सर्व शाळेच्या भाषेचे मोल जाणतो. शाळेत जी भाषा नसते ती घरातही दोन पिढ्यांत क्षीण होते, हा बेळगावचा, इंदूरचा, हैदराबादचा अनुभव आहे. गोव्यात तर १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने तीन वर्षांत देशी भाषा सोडण्याची आज्ञा दिली होती. राजसत्ता मुखातील शब्दावर कशी चालून येते हे त्या भूमीला शिकवावे लागत नाही. परंतु मेळघाटातील कोरकू मूल, गडचिरोलीतील गोंड मूल किंवा नंदुरबारमधील भिल्ल मूल आश्रमशाळेत येते तेव्हा त्याच्यापुढे उभी असलेली शाळेची भाषा आपली असते. आश्रमशाळांची तुलना कॅनडातील शाळांशी करणे अन्यायाचे होईल. हेतू वेगळा, कायदा वेगळा, इतिहास वेगळा. तरीही घरची बोली ‘अशुद्ध’ म्हणून हसण्यावारी नेणारा शिक्षक आणि तांबडे मोजे देणारी नन यांच्यात अंतर किती, हे ज्याचे त्याने मोजावे. आपल्या भाषेवरील अन्यायाची जाणीव दुसऱ्याच्या भाषेविषयी आपल्याला आपोआप हळवे करीत नाही. ती हळवी व्हावी म्हणून वाङ्मय वाचावे लागते.

या पुस्तकांची मराठी भाषांतरे व्हावीत, असे म्हणणे सोपे आहे, आणि ती व्हावीतही. परंतु त्याआधी करण्याजोगे एक काम आपल्या हाती आहे. गोंडी, कोरकू, भिली, कोलामी, वारली बोलणाऱ्या घरांतील आज्यांना नातींनी प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे त्याच बोलीत, मराठीच्या बरोबरीने, मुलांच्या पुस्तकांत छापली जावीत. अकादमीसारख्या संस्थांनी असे काम अंगावर घेतले तर समेट हा शब्द त्या वेळी उच्चारला नाही तरी चालेल. रॉबर्टसन यांच्या पुस्तकातील आजीही तो उच्चारीत नाही. ती आपल्या भाषेत बोलते, आणि नात ऐकते.